चौदा बाटल्या आणि रात्रपाळीची

७ जानेवारी

धाकट्या,

फोन सोडून पत्र आलं म्हणून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनवर आईसमोर काही बोलताच येत नाही. तिला वाटतं आपण तिच्याबद्दलच बोलतोय, आणि आपण तिच्याबद्दलच बोलत असतो. मग ती फोन हिसकावून घेते, तुला "डॉक्टरसाहेब, मला घरी सोडा" म्हणते, तू तिकडे हसतोस, आणि फोन ठेवल्यावर पुढचे तीन तास मी इथे निस्तरत बसते. म्हणून पत्र. ती आत्ता डुलकी घेतेय, तेवढ्यात लिहिते.

मुद्द्याचं आधी. माझा डावा गुडघा गेला. शिलाई मशीनचं पायडल मारून मारून गेला म्हण किंवा आईला उचलून. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा आणि तीन महिने पाय जमिनीला लावू नका. मी म्हटलं, मग घरातली दुसरी बाई पाय कुठे लावेल? ते हसले. त्यांना काय जातंय हसायला.

तर तीन महिने आईला तू ने. चार वर्षं झाली, मी एकदाही मागितलं नाही. तू वर्षातून दोनदा येतोस, फळं आणतोस, तिच्या पायाशी तासभर बसतोस आणि "छान ठेवलंयस गं" म्हणून निघतोस. छान ठेवायला ती काय कपाटातलं लुगडं आहे?

ती कशी आहे ते तुला नीट माहीतच नाही, म्हणून सांगते. चौऱ्याऐंशीची आहे, पण तिच्या मते अजून नोकरीत आहे. प्रसूतिगृहातली पस्तीस वर्षं, त्यातली शेवटची बारा नवजात बाळांच्या खोलीची इनचार्ज, तेवढीच काय ती शिल्लक राहिली. बाबा पुसले गेले. तू अधूनमधून. मी तिची लेक नाही, हाताखालची नर्स आहे. नाव विचारत नाही, "रात्रपाळीची" म्हणून हाक मारते. परवा माझी वेणी धरून म्हणाली, "ड्यूटीवर केस मोकळे सोडायचे नाहीत." केस कधी विंचरायचे ते मात्र सांगितलं नाही.

नाही म्हणायचं असेल तर म्हण. पण कारण खरं दे.

ताई

१५ जानेवारी

ताई,

पत्र मिळालं. गुडघ्याचं एवढं झालं आणि तू बोलली नाहीस.

तू खरं कारण दे म्हणालीस, म्हणून खरंच सांगतो. तू हसशील. माझ्या मागच्या खोलीत चौदा बाटल्या आहेत.

माझी ती पांढरी ऑर्किड आठवते? खिडकीत होती, तू एकदा "काडीला चिकटलेली फुलपाखरं" म्हणाली होतीस. ती गेली. मुळं कुजली. पण जायच्या आधी मी तिच्या फुलावर दुसऱ्या जांभळीचा पराग लावला होता आणि एक शेंग धरली होती. आठ महिने ती शेंग सांभाळली. ऑर्किडचं बी म्हणजे नुसती धूळ गं. आपल्या घेवड्याच्या बीला स्वतःची शिदोरी असते, हिच्या बीला काही म्हणजे काही नसतं. उघड्या मातीत टाकलं की गेलं. म्हणून साखर, कुस्करलेलं केळं, थोडा कोळसा आणि अगर घालून खळीसारखी जेली शिजवायची, बाटलीत भरून कुकरमध्ये तासभर उकळायचं, म्हणजे आत एकही जंतू उरत नाही. मग काचेच्या जुन्या माशांच्या पेटीत हात घालून, सगळं स्पिरिटने पुसून, श्वास रोखून बी पेरायचं आणि बूच घट्ट. पॅथॉलॉजी लॅबमध्ये एकतीस वर्षं लोकांचे जंतू वाढवले, आता म्हटलं जंतू नसलेलं काहीतरी वाढवू.

त्याला सव्वादोन वर्षं झाली. आता बाटलीत बोटाच्या पेराएवढी रोपं आहेत, हिरवीगार. त्या खोलीत धूळ चालत नाही, वारा चालत नाही, माणसाचा वावर चालत नाही. आणि आईला ठेवायला माझ्याकडे तीच एक खोली.

रोपं बाहेर काढेपर्यंत थांबशील का? मागच्या खेपेला मी नऊ बाटल्या काढल्या, तर वीस दिवसांत एकूण एक रोप मेलं. बाहेरची कोरडी हवा त्यांना सोसत नाही. या वेळी मला घाई करायची नाही. तोवर एखादी बाई ठेवता येईल का तुझ्याकडे? मी चौकशी करतो.

धाकटा

२२ जानेवारी

धाकट्या,

तुझी बाळं बाटलीत आहेत आणि त्यांना बूच आहे. माझ्या बाळाला बूच नाही.

बाई ठेवली होती. दोन ठेवल्या. पहिलीला आईने ड्यूटीवर पान खाल्लं म्हणून निलंबित केलं. दुसरी चौथ्या दिवशी आपणहून गेली, जाताना माझ्याकडे बघून "तुम्ही कशा करता हो?" म्हणाली. उत्तर ऐकायला थांबली नाही.

शनिवारी दुपारच्या गाडीने तिला घेऊन येते. बाटल्या पलंगाखाली ठेव, डोक्यावर ठेव, नाहीतर शेजाऱ्याकडे ठेव. मी तुला विचारत नाहीये.

ताई

१ फेब्रुवारी

धाकट्या,

काल घाईत सगळं सांगायचं राहिलं. खरं म्हणजे तुझ्या दारात चप्पलही काढली नाही मी, रडू येईल म्हणून. आता लिहून काढते. हा कागद भिंतीला चिकटव.

सकाळी उठली की आधी तारीख सांगायची. चुकीची सांगितलीस तरी चालेल, पण ठणकावून सांग.

गोळ्या दुधात नाही, केळ्यात. दुधातल्या ती शोधून काढते आणि "हे कुणी चढवलं?" म्हणून चौकशी बसवते.

वाद घालू नकोस. ती हॉस्पिटल म्हणाली की हॉस्पिटल. "आई, हे घर आहे" म्हणालास की ती घाबरते, कारण मग ते कुणाचं घर आहे ते तिला सांगता येत नाही.

संध्याकाळी चारनंतर जीव वरखाली होतो. तेव्हा हाताला काम दे. फडके घडी करायला दे, बटणं वेगळी करायला दे. तिचे हात अजून शहाणे आहेत, डोकं गेलं तरी.

दाराला बाहेरून कडी लावू नकोस. लावावीशी वाटेल. तरी लावू नकोस.

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. फोन करू नकोस, तिथे उचलू देत नाहीत. लिही.

ताई

१६ फेब्रुवारी

ताई,

ऑपरेशन नीट पार पडलं असेल. भेटायला आलो असतो, पण आईला कुठे ठेवणार?

इथे सगळं झकास चाललंय. तू उगाच बाऊ करत होतीस असं म्हणत नाही, पण थोडा केलासच. आईला बाटल्यांची खोली एवढी आवडली की विचारू नकोस. मी फळ्या वर भिंतीला ठोकल्या, त्यांच्याखाली तिचा पलंग. पहिल्या सकाळी बघतो तर हात मागे बांधून फळीसमोर उभी. एकेक बाटली निरखून पुढची. चौदा मोजल्या. मग मला म्हणते, "चौदा. सगळी पेटीत? एकही आईजवळ नाही?" मी म्हटलं, नाही. "अशक्त असतील," म्हणाली, आणि चहा प्यायला आली.

आता रोज तीन राउंड असतात. बाटलीला हात लावत नाही, शिस्त कडक. मला मात्र आत येऊ देत नाही. मी तिच्या लेखी कुणा पेशंटचा नातेवाईक आहे. "भेटायची वेळ चार ते सहा," म्हणून माझ्याच खोलीतून मला हाकलते. बाटल्या तपासायला मी चार वाजता जातो, हातात काहीतरी फळ घेऊन, म्हणजे तिला शंका येत नाही.

काल तिने एक गोष्ट पकडली. सातव्या बाटलीत तळाला मुळं गोल गोल फिरून गच्च झालीत, दोन-चार पानं पिवळी पडलीत. "यांचे दिवस भरलेत," म्हणाली. "कशाची वाट बघताय?" बघ, लॅबमध्ये एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला शिकवतेय.

पाय कसा आहे ते सविस्तर कळव.

धाकटा

२६ फेब्रुवारी

धाकट्या,

ऑपरेशन झालं. उजवा गुडघा अजून सुजलेला आहे, पण ठीक. मैत्रिणीकडे आहे, ती डबा देते. झोप चांगली लागते. आणखी काय लिहू? पडून राहणाऱ्या माणसाकडे बातम्या नसतात.

बाऊ केला म्हणालास. ते दोनदा वाचलं. पंधरा दिवसांत तुला सगळं झकास वाटलं, मला चार वर्षांत का वाटलं नाही याचा विचार करत होते, मग झोप लागली.

ताई

२० मार्च

ताई,

महिनाभर लिहायला जमलं नाही. आईची तब्येत बरी. जेवते. बाटल्या बऱ्या आहेत.

बाऊ म्हणालो ते मागे घेतो.

एक विचारायचं होतं. आई खोलीत शिरताना आधी दाराच्या कडीला हात लावून बघते. आतल्या नाही, बाहेरच्या. ही सवय जुनी का?

आणि पहिल्या पत्रात डावा गुडघा होता, नंतरच्यात उजवा. दोन्ही केलेस की काय? एकावर एक फुकट?

धाकटा

२९ मार्च

धाकट्या,

पानंच्या पानं लिहायची तुझी सवय मला माहीत आहे. एकदा तू मला एका बुरशीवर चार पानं लिहिली होतीस, भावाचं पत्र म्हणून मी ती जेवताना वाचली आणि पुढचा घास गेला नाही. तो तू, आणि बाटल्यांबद्दल एक ओळ? "बऱ्या आहेत"?

काय झालं ते लिही. गुडघ्याचं मी नंतर सांगते. कडीचंही.

ताई

८ एप्रिल

ताई,

लिहितो. तू मागितलंस म्हणून नाही, मलाच आता पेलवत नाही म्हणून.

पाच मार्चला मी औषधं आणायला गेलो. आई झोपली होती. वीस मिनिटं म्हणून गेलो आणि दुकानात गर्दी निघाली, पाऊण तास लागला. परत आलो तर मागच्या खोलीत चौदाच्या चौदा बाटल्या पलंगावर ओळीने आणि एकीलाही बूच नाही. बुचं तिने ताटलीत गोळा करून ठेवली होती, नीट, सगळी एका दिशेने. आणि ती ओल्या फडक्याने प्रत्येक बाटलीचं तोंड पुसत होती, बाळाचं तोंड पुसावं तसं. मला म्हणाली, "गुदमरत होती हो. कुणाचं लक्षच नाही."

ताई, तो ओला फडका ओट्यावरचा होता. त्याच्यावर किती जंतू असतात ते मला आकड्यात माहीत आहे.

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. सव्वादोन वर्षं, म्हटलं, त्या शेंगेचे आठ महिने वेगळेच, आणि त्यांचं मूळ झाडही आता नाही. ती म्हणाली, "नातेवाईकांनी वॉर्डात आवाज करायचा नाही." तिथे माझं डोकं फिरलं. बाटल्या उचलून बाहेरच्या टेबलावर आणल्या, तिला आत ठेवलं आणि दाराला बाहेरून कडी घातली.

तुझा कागद त्याच भिंतीवर होता. दिसत होता मला.

दोन तास ठेवली. आधी तिने दार वाजवलं, मग हळू वाजवलं, मग नाही वाजवलं. मी बाटल्यांसमोर बसून होतो आणि खरं सांगतो, शांत वाटत होतं. ते मला आजही सहन होत नाही. शांत वाटलं म्हणून मी आणखी अर्धा तास बसलो.

कडी काढली तर ती पलंगाच्या काठावर चपला घालून, हात मांडीवर ठेवून बसलेली. कपडे ओले झाले होते. मला बघून जे बोलली ते लिहीत नाही. पाठ केल्यासारखं बोलली.

तिला धुतलं, बदललं, चहा दिला. मग बाटल्यांचं काय करायचं? उघड्या पडलेल्या जेलीवर तीन दिवसांत बुरशीची म्हातारी उगवते, सगळं पांढरं. पुन्हा बंद करणं म्हणजे बुरशीला आत कोंडणं. एकच वाट होती, सगळी रोपं त्याच दिवशी बाहेर काढायची. म्हणजे ज्या गोष्टीला मी वर्षभर घाबरत होतो ती. हो, वर्षभर. तुला "घाई करायची नाही" लिहिलं होतं ना? दिवस केव्हाच भरले होते. सातव्या बाटलीचं आईचं बरोबर होतं. बाटलीत आहेत तोवर मेली नाहीत, एवढ्याचसाठी मी त्यांना आत ठेवलं होतं.

एकट्याने चौदा बाटल्या होईनात. कोमट पाण्यात रोप सोडायचं, मुळाला चिकटलेली जेली बोटांनी सोडवायची, मूळ तुटू द्यायचं नाही. जेली राहिली की कुजलं, मूळ तुटलं की गेलं. चौथ्या बाटलीत माझ्या हातून दोन मुळं तुटली. तेवढ्यात आई स्वतःहून शेजारी येऊन बसली. बाह्या वर केल्या, कोपरापर्यंत हात साबणाने धुतले, मला म्हणाली, "सरका."

काय हात आहेत गं तिचे! पाण्यात मनगट बुडवून आधी गरम किती ते बघितलं. मग एकेक रोप तळहातावर घेऊन, अंगठ्याने हळूच चोळून, मुळं मोकळी केली. संध्याकाळ होती, तुझी ती चारनंतरची वाईट वेळ, पण ती एकदाही उठली नाही. लहान-मोठी वेगळी करून ओल्या शेवाळावर ओळीने मांडत होती आणि मोजत होती. तीनशे एकसष्ट. तिला माझं नाव येत नाही, पण मधे मी चहा पुढे केला, तो पिऊन झाल्यावर पुढचा आकडा बरोबर होता.

ट्रेवर पारदर्शक डबे झाकले. रोज थोडं थोडं उघडायचं, म्हणजे हवा सोसायला लागते. मागच्या खेपेला मी चौथ्याच दिवशी झाकण काढलं होतं. आई म्हणाली, "एकदम उघडं टाकू नका, थंडी भरेल." या वेळी ती सांगेल तेवढंच उघडतो.

तुझ्यापासून हे लपवलं. आईला बोल लावशील म्हणून नाही. मला लावशील म्हणून.

धाकटा

१७ एप्रिल

धाकट्या,

ती काय बोलली ते तू लिहिलं नाहीस. मी सांगते. "आता शहाण्यासारखी वागते." बरोबर?

माझ्याकडे पाठ केलंय तिने ते.

गुडघ्याला काही झालेलं नाही. दोन्ही गुडघे धड आहेत. एक डावा, एक उजवा, मोजून घे. ऑपरेशन नव्हतंच. मैत्रीणही नाही. घरातच आहे. डबाही कुणी देत नाही, मी ब्रेड खाते आणि झोपते. पहिले नऊ दिवस मी जवळजवळ नुसती झोपले. दार वाजलं तरी उठले नाही. एकदा दुपारी जाग आली तर उशी ओली होती, आणि मी रडले होते की लाळ होती तेही कळेना, इतकी गाढ.

तुला खरं का नाही सांगितलं? मी दमलेय, असं सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास? "आराम कर गं जरा." सगळे तेच म्हणतात. गुडघा म्हटलं की लोक खुर्ची पुढे करतात. दमलेल्या बाईला कुणी खुर्ची देत नाही, कारण तिचे पाय चालत असतात.

आता कडीचं. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा लावली. पडद्यांची ऑर्डर द्यायची होती, पंधरा मिनिटांचं काम. आले तेव्हा ती ठीक होती. मग सवय लागली. पंधराची वीस, विसाचा तास. डिसेंबरमध्ये एक दिवस कडी घातली आणि बसच्या थांब्यावर जाऊन बसले. कुठे जायचं नव्हतं. बसेस येत होत्या, जात होत्या, एक बाई म्हणाली, "तुमची कुठली?" मी म्हटलं, अजून यायचीय. साडेतीन तास बसले, धाकट्या. परत आले तर ती तशीच, चपला घालून, पलंगाच्या काठावर.

त्या रात्री मला कळलं की पुढच्या वेळी मी बसमध्ये चढेन. म्हणून जानेवारीत तुला लिहिलं. मी तिला तुझ्यावर लादली नाही. माझ्यापासून लांब ठेवली. तुझ्या बाटल्या गेल्या त्या माझ्या खोट्यापायी गेल्या, तेव्हा शिव्या द्यायच्या तर मला दे, तिला नको.

तू दोन तासांत रडकुंडीला आलास. मी दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही. आता सांगितलं. बरं वाटेल असं वाटलं होतं. नुसतं हलकं वाटतंय, रिकाम्या पिशवीसारखं.

तीस तारखेला तीन महिने भरतात. मी न्यायला येते. झोप झाली आता, बरीचशी.

ताई

२४ एप्रिल

ताई,

न्यायला येऊ नकोस.

तुझं पत्र मी तीन दिवस खिशात घेऊन फिरलो. शिव्या देणार नाही, कारण देण्याची लायकी नाही. कडी घातल्यावर मला जे शांत वाटलं ते तू वाचलंस आणि त्यावर एक अक्षर लिहिलं नाहीस. तेवढं पुरे झालं मला.

रोपांचं सांगतो. पहिल्या दहा दिवसांत फार गेली. रोज सकाळी आई राउंडला आणि मी मागे, काळी पडलेली चिमट्याने काढायला. आज एकशे अठ्ठ्याण्णव आहेत. नवी मुळं फुटलीत, टोकाला हिरवी. झाकण आता दुपारभर उघडं असतं. फूल यायला अजून पाच वर्षं लागतील, सहाही लागतील. तेव्हा आई नसेल, आपणही कसे असू कुणास ठाऊक. पण मागच्या खेपेला वीस दिवसांत एकही नव्हतं. तिने बुचं उघडली नसती तर यांतलंही एक राहिलं नसतं, बाटलीतच पिवळी पडून गेली असती.

ऐक आता. आई इथे राहील. तीन महिने नाही, राहील. मी म्हणतोय ते भावना उतू जाऊन म्हणत नाहीये. परवा तिने माझ्या हाताला चावा घेतलाय, टाके नाहीत पण खूण आहे. काल मी बाथरूममध्ये नळ सोडून बसलो होतो, तुला कळेल कशाला. मलाही बसचा थांबा लागेल. तो लागायच्या आधी मी तुला लिहीन, गुडघा-बिडघा काही न सांगता सरळ लिहीन, आणि तू ये. पंधरा दिवस, महिना, जमेल तेवढं. मग पुन्हा जा. मागच्या खोलीच्या दाराची बाहेरची कडी मी काढून टाकली. लाकडात चार भोकं राहिलीत, ती बुजवलेली नाहीत.

आणि एक, ज्याच्यासाठी खरं म्हणजे हे पत्र लिहायला बसलो. काल चारच्या राउंडला आईने ट्रे मोजले, मग दाराकडे बघत राहिली. मला विचारलं, "ती रात्रपाळीची दिसत नाही?"

मी म्हटलं, "घरी गेलीय. झोपलीय."

"झोपू दे," म्हणाली. "उठवू नका तिला. पाळी संपून किती दिवस झाले तिची. बदलीला कुणी आलंच नाही, मग ती बिचारी जाणार कशी? बाळं टाकून जाता येतं का?" मग फडक्याला हात पुसले आणि मला नीट निरखून बघितलं, मी काल सफरचंद आणलं नव्हतं. "तुम्ही नातेवाईक ना?"

मी म्हटलं, नाही. बदलीवर आलोय.

माझ्या हातात चिमटा दिला आणि म्हणाली, "फार उशीर केलात."

हो म्हटलं, ताई. दुसरं काय म्हणणार?

झोप.

धाकटा